डोळ्यांची चिठ्ठी

परवा कळमनुरीकडच्या एका लग्नाला गेलो होतो. मांडवात उकडत होतं म्हणून यजमानांनी मला आतल्या खोलीत बसवलं. समोर भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो होता, त्याला ताजा हार. यजमान कौतुकानं म्हणाले, "ओळखला का? तुमीच काढलेला. डोळे बघा बाबाचे. अजून बोलतेत असं वाटतं."

मी पाहिलं. कपाळ, मिशा, गालावरच्या सुरकुत्या एका थकलेल्या शेतकऱ्याच्या होत्या. डोळे माझ्या मित्राचे होते.

पाण्याचा तांब्या तसाच ठेवून मी बाहेर आलो. यजमानांना वाटलं मला गर्दीचा त्रास झाला. मला संताप आला होता, आणि तो त्या भल्या माणसावर नव्हता. या भागात अजून किती भिंतींवर तेच डोळे टांगलेले असतील, कोण जाणे. लोक त्यांना हार घालतात, सणाला त्यांच्यापुढं ताट ठेवतात. त्यांतल्या एका घराची गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. आज मी पंचेचाळिशी ओलांडली आहे, आणि लोक अजून मला म्हणतात, तुम्ही तिघा मित्रांनी तीन शहरांत बसून काय अक्कलहुशारीनं धंदा बांधला होता! हे कौतुक ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणून लिहितो.

आम्ही तिघं हिंगोलीच्या शाळेत एका बाकावर होतो. मुलूख निजामाचा, शिकणं उर्दूत, भांडणं मराठीत. शाळा सुटली तशा वाटा फुटल्या. एकाचा मामा अकोल्याला, म्हणजे इंग्रजी मुलखात, एका फोटोच्या दुकानात कामाला होता. तो तिकडं गेला आणि अंधाऱ्या खोलीत काचा धुणं, कागदावर फोटो छापणं शिकला. दुसऱ्याचा हात चित्रकलेत चांगला. तो हैदराबादला जाऊन दुकानांच्या पाट्या आणि नाटकांचे पडदे रंगवू लागला, आणि मग फोटोवरचं टचिंग शिकला. मी हिंगोलीतच राहिलो. माझ्याकडं कला नव्हती. अकोल्याच्या मित्रानं मिळवून दिलेला एक जुना लाकडी कॅमेरा होता, तिपाई होती, आणि गावोगाव पायपीट करायची तयारी होती.

महायुद्ध सुरू होण्याआधी दोन-तीन वर्षं, औंढ्याच्या जत्रेत, नागनाथाच्या देवळामागच्या एका हॉटेलात बसून आम्ही धंद्याची घडी बसवली. कलमं मी लिहिली. माझं अक्षर चांगलं होतं, आणि कलमं लिहायची मला हौसही होती. ज्याला जे येतं ते त्यानं करावं, हे पहिलं कलम. फोटोसाठी काचेच्या प्लेटा असायच्या. मी गावात फोटो काढायचा आणि ती काच न धुता, उजेड लागू न देता पेटीत बंद करून रेल्वेनं अकोल्याला पाठवायची. तिथं ती धुतली जायची आणि तिची एक कच्ची प्रत निघायची. मग काच आणि कच्ची प्रत हैदराबादला. तिथं सुरीच्या टोकानं खरवडून आणि पेन्सिलीनं भरून चेहऱ्यावरचे डाग साफ व्हायचे. काच पुन्हा अकोल्याला, पक्की छपाई, आणि तयार फोटो हिंगोलीला माझ्या हातात. पाठीवर तिघांचा मिळून एकच शिक्का.

वाट वाकडी होती, पण आम्हाला तिचा केवढा गर्व! सामान अकोल्यात स्वस्त, हात हैदराबादेत, गिऱ्हाईक आमच्या गावांत. एकदा मी पेटी मोटारीनं पाठवली तर कनेरगावच्या नाक्यावर करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, शिपायानं ती उघडली आणि एकेक काच उन्हात धरून पाहिली. "इसमें तो कुछ बी नहीं है," म्हणून इमानदारीनं परत बंद केली. एक अख्खं लग्न काळं झालं. त्यावर आम्ही महिनाभर हसलो आणि एक नवं कलम घातलं, पेटीवर उर्दूत मोठ्या अक्षरांत लिहायचं की उघडू नये. पैशाचं कलम सगळ्यात लहान होतं. त्यावरून आमचं कधी वाजलं नाही. लोकांना वाटतं भागीदारी तिथंच मोडते.

आमच्या भागात तेव्हा जित्या माणसाचा फोटो काढायला लोक बिचकायचे. लेकरांचा तर नकोच, आयुष्य कमी होतं म्हणायचे. पण घरातलं माणूस गेलं की मला बोलावणं यायचं. मयताला आंघोळ घालून, नवे कपडे नेसवून, बाजेवर टेकू देऊन बसवायचे. आणि सगळ्यांचा एकच आग्रह असायचा, फोटोत डोळे उघडे पाहिजेत. ते हैदराबादला उघडायचे.

त्यासाठी मी एक खास कलम लिहिलं होतं. प्रत्येक मयताच्या काचेबरोबर मी एक चिठ्ठी पाठवायची. डोळे मोठे की बारीक, काळे की घारे, खोल की वर आलेले, काही खोड असेल तर कोणती. घरच्यांना विचारून लिहायची. तिला आम्ही डोळ्यांची चिठ्ठी म्हणायचो. पहिली दोन वर्षं मी ती मन लावून लिहिली. पण रडणाऱ्या घरात उभं राहून, हातात पेन्सिल धरून असं विचारणं फार जड जायचं. एका म्हातारीला मी विचारलं, मालकांचे डोळे कसे होते? ती म्हणाली, "कसे म्हंजी? माझ्याकडं बघायचे तसे." हे चिठ्ठीत कसं लिहिणार? मला स्वतःचीच लाज वाटली. मी न विचारताच निघू लागलो. एकदा चिठ्ठीवर नुसतं "नेहमीप्रमाणे" एवढंच लिहिलं. फोटो छान आला, घरचे खूश झाले. मग दर वेळी तेच लिहिलं.

युद्धात कागद मिळेनासा झाला, तेव्हा मी अकोल्याला पत्र टाकलं. "कच्ची प्रत काढणे बंद करावे. कागद वाया जातो. चेहरे आपल्याला माहीतच आहेत."

हे वाक्य माझं आहे. कोणी माझ्याकडून लिहवून घेतलं नाही.

आणि चेहरे मला माहीत नव्हते. हेही आता सांगून टाकतो. मी मयताकडं सरळ पाहायचो नाही. आत आलो की तिपाई उभी करायची, काळं कापड डोक्यावर घ्यायचं आणि कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या दुधी काचेवर काय दिसतं तेवढंच पाहायचं. त्या काचेवर सगळं उलटं दिसतं, डोकं खाली, पाय वर, डावं उजवीकडं. उलटा माणूस माणूस वाटत नाही. तो नीट मधोमध आहे का, एवढंच बघायला लागतं. मला ते सोयीचं होतं. लोक मला धीराचा म्हणायचे.

युद्धाच्या शेवटच्या वर्षातली शिवरात्र. औंढ्याच्या जत्रेत मी फोटोसाठी पडदा लावून बसलो होतो. सकाळी एक धनगर माणूस गर्दीतून वाट काढत आला. धापा टाकत होता.

"फोटूवाले तुमीच का? चला."

"कुठं?"

"पोरगी गेली माझी. काल जत्रंला आणली व्हती. घरी गेल्यावर उलट्या लागल्या, उजाडता संपली." तो थांबला, मग एका दमात बोलला. "तिची माय माहेरी हाय, पैनगंगेपल्याड. चार दिवस झाले बाळंत होऊन. तिला आणता येत न्हाई अन् हिला ठिवता येत न्हाई. मायला पोरगी दाखवाय पाहिजे ना? चला."

मी पडदा तसाच सोडून त्याच्याबरोबर गेलो. कोस-दीड कोसावर त्यांची वस्ती होती. मेंढ्यांचा वाडा, त्याला लागून घर. अंगणात बाजेवर मुलीला बसवलेलं होतं. नऊ-दहा वर्षांची असेल. हिरवा परकर होता, हे मला आठवतं, कारण हिरवा रंग फोटोत काळा येतो आणि मी तो बदलायला सांगावा का, याचा विचार करत होतो. मी कापडाखाली शिरलो. दुधी काचेवर ती उलटी दिसली. खालच्या बाजूला, डाव्या अंगाला, एक बारीक ठिपका चमकत होता. काचेवर काही पडलं असेल म्हणून मी अंगठ्यानं पुसलं. गेलं नाही. पुन्हा पुसलं. ऊन चढत होतं, माणसं खोळंबली होती. मी फोटो काढला.

देण्याघेण्याचं बोलणं झालं नाही. निघताना त्यानं खांद्यावरची काळी घोंगडी माझ्या कॅमेऱ्यावर टाकली. "घरच्या लोकरीची हाय. ऱ्हाऊ द्या." माझं काळं कापड विटलं होतं, त्यातून उजेड आत शिरायचा. त्या दिवसापासून मी ती घोंगडी वापरू लागलो. पडद्याशी परत आल्यावर चिठ्ठी लिहिली. नेहमीप्रमाणे.

दीड महिन्यानं फोटो आला आणि तो न्यायला मुलीचा बाप हिंगोलीला आला. त्यानं फोटो दोन्ही हातांत धरला. बराच वेळ पाहिला.

"तिच्यावानी वाटत न्हाई," तो म्हणाला.

"फोटोत असंच येतं," मी म्हणालो.

"तिचा डावा डोळा बारीक व्हता. जल्मापासून. पापणी वर जायची न्हाई. हे तर दोनी डोळे टपोरे हायेत."

"उजेडानं होतं तसं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी शहाणा, शिकलेला, माझ्या दुकानाला पाटी. तो मान हलवून फोटो घेऊन गेला. मी खोटं बोललो ते त्याच्याइतक्या सरळ माणसाशी, आणि त्या वेळी मला त्याचं काहीच वाटलं नाही. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं.

महिन्याभरानं तो पुन्हा आला. या वेळी फोटो धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला होता. तो त्यानं माझ्या टेबलावर ठेवला आणि उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"काय झालं पाव्हणं?"

"तिची माय आली माहेरून. तिला दावला. म्हनली, ही कोणाची पोरगी हाय?"

मी फडकं उलगडलं.

"म्हनते, आपली पोरगी तुमी जत्रंत हरवली. सांगायची लाज वाटली म्हनून दुसऱ्याचं मेलेलं लेकरू दावता. माझी जित्ती हाय. तवाधरनं बायको दर सोमवारी औंढ्याला जाती. तान्हं काखेत घेऊन दुकानं-दुकानं हिंडून ऱ्हायली. ज्याला त्याला इचारती, बारक्या डोळ्याची पोरगी दिसली का?" त्याचा आवाज चढला. "पुरलेली जागा दावतो म्हनलं तर येत न्हाई. भावकीतल्या चार बाया सांगून थकल्या, म्हनते तुमी सगळे एक. आता तुमीच चला अन् सांगा तिला, ही कोण हाय ते!"

त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडं गेलं. त्यावर त्याचीच घोंगडी होती. मी त्याला सांगितलं, मूळची काच अकोल्याला आहे, मी जातो, तिचा खरा फोटो आणतो, मग येतो. तो म्हणाला, "या." आणि गेला. फोटो टेबलावरच राहिला.

मी हैदराबादला तार केली, अकोल्याला निघून ये. स्वतः दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेलो. गाडीत बसल्या बसल्या मी मनात भांडत होतो. कोणी दिला याला हक्क, एका लेकराच्या तोंडावर कोणाचे तरी डोळे बसवायचा? मी स्वतःला त्या भांडणात फिर्यादी समजत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी हैदराबादचा येऊन पोचला. दुकानाच्या पुढच्या खोलीत मी फोटो दोघांपुढं टाकला.

"हे कोण हाय?"

अकोल्याचा म्हणाला, "अबे, तो आता तर आला. पाणी पिऊ दे त्याले. आल्या आल्या काय कोर्ट भरवून राहिला?"

"हे डोळे कोणाचे, ते सांगा आधी."

हैदराबादच्यानं फोटो उचलला आणि लांब धरून डोळे बारीक करून पाहिला. "बराबर तर निघालेत. काय झालं?"

"कोणाचे?"

"माझे," तो सहज म्हणाला. "समोर आरसा ठेवतो."

मला वाटलं तो चेष्टा करतो आहे. तो चेष्टा करत नव्हता. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग फोटोकडं. वीस वर्षं ज्या डोळ्यांत बघून मी हसलो, भांडलो, ते डोळे त्या मुलीच्या तोंडावरून माझ्याकडं पाहत होते, आणि फोटो हातात आला त्या दिवशी मला ते ओळखू आले नव्हते.

"सगळ्यांचे? इतक्या वर्षांच्या सगळ्या मयतांचे?"

"हौ."

"बायांचे बी?"

"बायांना पापण्या लांब करतो."

अकोल्याचा फस्सकन हसला. मी टेबलावर हात आपटला, शाईची दौत सांडली. त्या पोरीच्या आईबापाचं सगळं सांगितलं. आणखी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. ढोंगी म्हणालो, मेलेल्यांच्या तोंडावर स्वतःची सही करणारा म्हणालो. तो शांतपणे ऐकत होता. मग एकदम उसळला.

"नक्को बोलू पुढं, मियाँ! तू चिठ्ठीत काय लिहितोस? नेहमीप्रमाणे. नेहमीप्रमाणे म्हणजे कोणासारखे? मला तिथं बसून काय दिसतं? एक काच दिसते अन् एक आरसा दिसतो. तुझे गाववाले मी कधी पाहिले? पहिल्या वर्षी तू लिहायचास, घारे, बारीक, एक भुवई तुटकी. मी तसे काढायचो. काढायचो का न्हाई?"

"काढायचास."

"मग?"

अकोल्याचा आता हसत नव्हता. तो उठून आत गेला आणि एक पत्र घेऊन आला. "त्याले काहून बोलतोस? कच्ची प्रत राहती तर कोणालाही फरक दिसला असता. त्याले दिसला असता, मले दिसला असता, त्या पोरीच्या बापाले देता आली असती. ती बंद कोणं केली?" आणि त्यानं माझंच अक्षर मोठ्यानं वाचलं, चेहरे आपल्याला माहीतच आहेत.

मला वाटतं, त्या वाक्याइतकी शिवी मला आयुष्यात कोणी दिली नाही.

मी मूळची काच मागितली. त्यानं काढून दिली. उजेडासमोर धरली तर तोंड कोळशासारखं काळं, केस पांढरे, आणि डोळ्यांच्या जागी सुरीनं कोरलेल्या रेघा. खाली जे होतं ते गेलं होतं. कायमचं. काच खरवडतात हे मला ठाऊक होतं, तरी खरा फोटो आणतो म्हणून मी बोलून आलो होतो.

"खरवडायच्या आधी कशी होती?" मी विचारलं.

"आता कसं सांगू? मी काच धुतो, तोंडं ओळखत न्हाई," अकोल्याचा म्हणाला. "चांगली होती. एक डाग तेवढा होता तोंडावर, त्याले खूण करून पाठवली याच्याकडं."

"तो काढला मी," हैदराबादचा म्हणाला.

मी इतका तापलो होतो की त्यातलं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी म्हणालो, आजपासून मयताचे डोळे उघडायचे नाहीत, कलम घाला. अकोल्याचा म्हणाला, मग मयताचा फोटो कोणी काढून घेणार नाही, आणि मयताशिवाय तुझ्या गावांत धंदा कोणता? हैदराबादचा म्हणाला, लोक खूश आहेत, एका बाईपायी काहून? मी उठलो. भागीदारी मी तिथंच सोडली. निघताना अकोल्याचा दारापर्यंत आला, आणि शाळेत बोलायचा तसा हळू आवाजात म्हणाला, "जा लेका, त्या बाईले भेट. आमी कोण? आमी त्या पोरीले पाहिलं बी न्हाई. तू पाहिलं."

माझ्या जागी त्यांनी वारंगा फाट्याकडचा एक माणूस धरला. अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत सरहद्दीवरून पेट्या जाणं बंद पडेपर्यंत धंदा चालू राहिला. डोळे उघडत राहिले. एक माणूस निघून गेला तर काही अडू नये, अशीच मी घडी बसवली होती.

अकोल्याहून आल्यावर मी वस्तीवर जायला आठ दिवस लावले. खरा फोटो आणतो म्हणून सांगितलं होतं, आणि हात रिकामे होते. शेवटी तोच फोटो आणि घोंगडी घेऊन निघालो. सोमवार टाळला, कारण सोमवारी ती औंढ्याला असायची.

ती अंगणात तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. तिच्या पायांना भेगा पडल्या होत्या आणि त्यांत रस्त्याची माती होती. नवऱ्यानं तिला सांगितलं, फोटूवाले आले. तिनं वर पाहिलं नाही.

"बोला," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. तीन मित्र, तीन गावं, पेटी, काच, चिठ्ठी. चिठ्ठीत मी काय लिहायला हवं होतं आणि काय लिहिलं. ती ऐकत होती. मधेच बाळाच्या तोंडावरची माशी हाकलत होती.

"म्हंजी हे डोळे हैदराबादच्या माणसाचे?"

"व्हय बाई."

"अन् तोंड?"

"तोंड तुमच्या पोरीचं."

"हे तुमी म्हनता. तोंड तर भिताडावानी साफ केलंय. माझ्या पोरीच्या नाकावर देवीचा वण व्हता, तो कुठं हाय?" तिनं आता माझ्याकडं पाहिलं. "जत्रंत लेकरं हरवत्यात, भाऊ. ह्यांचं ध्यान मेंढरावर. हरवली म्हनाय तोंड ऱ्हायलं न्हाई, म्हनून मेली म्हनतेत. तुमी ह्यांच्या सांगण्यावरून आला."

"न्हाई. मी माझ्या पायानं आलो."

"मग तुमी पाह्यलं तिला?"

"मी फोटो काढला."

"ते न्हाई इचारलं. पाह्यलं का? तिचे डोळे झाकले व्हते?"

नवऱ्यानं तोंड उघडलं, तशी तिनं हात वर केला. "तुमी न्हाई. ह्यांना बोलू द्या."

मयताचे डोळे मिटलेलेच असतात. व्हय म्हणणं सोपं होतं. या एका शब्दानं तिचं हिंडणं थांबेल, असंही मला वाटून गेलं. माझ्या आयुष्यातल्या अशा सगळ्या सोप्या शब्दांची मला त्या क्षणी किळस आली.

"बाई, मी पाह्यलं न्हाई," मी म्हणालो. "मी मयताकडं बघत न्हाई. मला भीती वाटते. मी कापडाखाली शिरतो अन् काचेवर बघतो. काचेवर सगळं उलटं दिसतं. तुमची पोरगी मी तेवढी उलटी पाहिली. परकर हिरवा होता."

"हिरवा परकर जत्रंतल्या शंभर पोरींचा आसंल."

"त्या काचेवर खालच्या बाजूला एक ठिपका चमकत होता. मला वाटलं काचेवर काही पडलं. मी अंगठ्यानं पुसला. दोनदा पुसला. गेला न्हाई. इतकंच मला ठाव हाय. दुसरं काही न्हाई."

ती एकदम ताठ बसली. "कुठं?"

"काचेवर."

"तोंडावर कुठं?"

मला सांगता येईना. मी फोटो घेतला आणि त्या दिवशी जसं दिसलं होतं तसा उलटा धरला, डोकं खाली. मग त्या दिवसासारखाच अंगठा नेला, खाली, डाव्या अंगाला. अंगठा टेकला तिथं मुलीचा डावा डोळा होता.

आणि तेव्हा माझ्या कानात अकोल्याचा आवाज आला, एक डाग तेवढा होता. आणि हैदराबादचा, तो काढला मी.

मी अंगठा उचलू शकलो नाही. आईनं माझा हात धरून तो बाजूला केला आणि त्या जागेकडं पाहत राहिली.

"निजली तरी त्यो पुरा झाकत नव्हता," ती म्हणाली. "फट ऱ्हायची. आत पांढरं दिसायचं. लोकं भ्यायची. मी हातानं झाकायची तिचा, रोज." मग नवऱ्याकडं वळून, "तुमी काहून झाकला न्हाई?"

"झाकला," तो म्हणाला. "पुन्हा उघडायचा."

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही. वाड्यातल्या मेंढ्या एका बाजूला दाटल्या. शेजारच्या घरातून एक म्हातारी धावत आली आणि तिनं बाळ उचलून घेतलं. बाप तसाच उभा होता. तीन महिने त्याला रडायला कोणी सोबत नव्हतं. आता तो खाली बसला आणि तोही रडू लागला.

बऱ्याच वेळानं ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "कुठं पुरलं ते दावा."

ती दोघं वाड्याच्या मागं, लिंबाच्या बाजूला निघाली. मला कोणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी घोंगडी बाजेवर ठेवली. फोटो तिनं मागितला नाही, आणि मलाही तो तिथं ठेवायचं धाडस झालं नाही. ज्या एका जागी ती मुलगी आम्हाला खरी दिसली होती, ती जागा मी पुसायला गेलो, दुसऱ्यानं खूण केली, तिसऱ्यानं खरवडली. इतकं चोख काम आमच्या हातून दुसरं कोणतं झालं असेल, मला आठवत नाही.

तो फोटो माझ्या ट्रंकेत आहे. काढला की मी आधी उलटा धरतो.